मोठ्या टाकीचा पोळा

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता मी मोठ्या टाकीतला नमुना घेतला. आठ वाजता त्याचा थेंब चढवलेल्या कागदावर निनहायड्रिन फवारलं; अमिनो आम्ल असेल तिथे ते जांभळा ठिपका उमटवतं. कागद वाळवला. ग्लुटामिक आम्लाच्या जागी ठिपका उमटला नाही.

ही ऐंशीच्या दशकाच्या अखेरची गोष्ट. त्या न उमटलेल्या ठिपक्याबद्दल मी आजवर कुठे लिहिलेलं नाही. 'तुमच्या कामाबद्दल लिहा' म्हणून या अंकाचे संपादक दोन वर्षं मागे लागले होते आणि मी हो-हो म्हणत टाळत होते. यंदा त्या टाकीवरचे नाना गेले. मग मीच संपादकांना फोन केला. मला लिहायला वेळ लागतो. एक परिच्छेद झाला की उठून खिडकीशी जाते, परत येऊन आधीचा खोडते. आषाढात सुरू केलेलं हे आता कुठे पुरं होत आहे.

आधी काम काय होतं ते सांगते. जळगावच्या औद्योगिक वसाहतीत, एका बाजूला पाइपांचा कारखाना आणि दुसऱ्या बाजूला डाळ मिल, यांच्या मधल्या जागेत आमचा छोटा कारखाना होता. तिथे आम्ही जिवाणूंकडून ग्लुटामिक आम्ल करून घ्यायचो. प्रथिनं ज्या घटकांची बनलेली असतात त्या अमिनो आम्लांपैकी हे एक. त्याचं मीठ म्हणजे चायनीजच्या गाडीवर सुपात चिमूटभर पडते ती पांढरी पूड. ती समुद्रातून येते किंवा खाणीतून येते असं पुष्कळांना वाटतं. ती जिवाणूंकडून येते, आणि काही वर्षं थोडीशी जळगावातून येत होती.

हा जिवाणू साधा, मातीत राहणारा. सूक्ष्मदर्शकाखाली तांदळाच्या कणीसारखा दिसतो. त्याला साखर लागते, नत्र लागतं, थोडे क्षार आणि पुष्कळ हवा लागते. शिवाय बायोटिन नावाचं एक जीवनसत्त्व लागतं, तेही इतकं कमी की दोन हजार लिटरच्या टाकीला चिमटीत मावणार नाही एवढंसं पुरतं. सगळी मेख या बायोटिनमध्ये आहे. ते मुबलक मिळालं की जिवाणू फोफावतो, त्याचं आवरण धडधाकट होतं आणि केलेलं आम्ल तो आतच ठेवतो. आत पुरेसं साठलं की करायचंही थांबवतो. बायोटिन जरा कमी पडलं तर आवरण झिरझिरीत राहतं, आम्ल बाहेर पाझरतं, आत साठतच नाही, म्हणून तो करत राहतो. आमचा धंदा त्या पाझरण्यावर चालायचा. त्यासाठी साखरही आम्ही पारखून घ्यायचो. धुळ्याकडून मक्याचा स्टार्च यायचा आणि त्याचं साखरपाणी करायचो, कारण त्यात बायोटिन नसल्यातच जमा. मग मी प्रयोगशाळेतून मोजून देईन तेवढंच बायोटिन टाकीत जायचं.

मी तेव्हा सत्तावीस वर्षांची, पुण्याहून सूक्ष्मजीवशास्त्र शिकून आलेली. कारखान्याचे मालक फैजपूरच्या केळीवाल्या घरातले, शिकलेले इंजिनियर. त्यांना सगळे भाऊ म्हणत. आणि टाकीवर नाना.

नाना पन्नाशीचे होते. मूळचे धुळे तालुक्यातले, केळीच्या कामासाठी इकडे आले आणि नशिराबादला राहिले. स्वतःची जमीन कधीच नव्हती. दुसऱ्यांच्या बागांत घड वाहण्यात त्यांची तीसेक वर्षं गेली होती. कारखान्यात त्यांना पांढरा अॅप्रन मिळाला. तो ते घरी धुऊन, इस्त्री करून आणत. इतर कुणाच्या अॅप्रनला मी कधी इस्त्री पाहिली नाही, माझ्यासुद्धा. टाकीसमोर स्टुलावर बसून ते तापमापीकडे बघत आणि दर तासाला वहीत आकडा लिहीत. एकदा आपल्या अहिराणीत मला म्हणाले, "ताई, उमर गयी, पन कोनी माले इचारं नई, नाना, आकडा कितला शे? आठे बठ्ठा इचारतस." इथे सगळे विचारतात, असं.

आमचा एक वाद कायमचा होता. मी बायोटिनची कुपी हातात दिली की ते ती उजेडात धरत.

"इतलंच?"

"इतकंच, नाना."

"उपाशी जनावर दूध देस का, ताई?"

"ही गाय नाही."

"जीव शे ना? मंग भूक लागस."

"जास्त दिलं तर ते नुसते वाढतात. आम्ल देत नाहीत."

"वा! काय शिक्षन शे तुम्हनं. उपाशी ठेवाले पुन्याले जाई शिकनात!"

मी हसायचे. उत्तर माझ्याकडे होतं, पण त्यांच्यासारख्या चार शब्दांत मावणारं नव्हतं.

पोळ्याच्या आधीच्या उन्हाळ्यात एक प्रकार घडला होता. कारखान्याच्या गोड-आंबट वासामुळे आजूबाजूला बोललं जायचं की इथे दारू निघते. एके दिवशी दोन साहेब तपासायला आले. मी बाहेरगावी होते, म्हणून नानांनीच त्यांना कारखाना दाखवला. चांगला अर्धा तास दाखवला. जिवाणू काय खातात, त्यांना ताप किती चढू द्यायचा, सगळं. टाकीत हवा सोडली की फेस येतो आणि तो बसवायला वरून तेलाचे थेंब सोडावे लागतात. ते तेल तेवढं दाखवायच्या नादात सोडायचं राहिलं. फेस नळीतून वर चढला, बाहेर पडला आणि खाली उभ्या असलेल्या भाऊंच्या नव्या स्कूटरवर साचला. साहेब हसत गेले. भाऊ हसले नाहीत.

"नाना, ही पहिली चूक म्हणून सोडतो. आणखी एक झाली, की तुम्ही परत केळीच्या बागेत."

नानांनी मान डोलावली. त्या दिवसापासून ते पाणी प्यायलासुद्धा स्टुलावरून उठण्याआधी मला सांगायचे.

त्यानंतर मुंबईच्या एका खरेदीदाराने अट घातली. एकसारख्या उताऱ्याच्या तीन बॅच लागोपाठ दाखवा, मग पुढचं बोलू. त्या निघाल्या नाहीत तर टाक्या विकून टाकायच्या असं भाऊंनी ठरवलं होतं. दोन बॅच चांगल्या निघाल्या. तिसरी भरायचा दिवस पोळ्याचा आला.

आता पुन्हा त्या सकाळकडे येते. ठिपका नाही म्हटल्यावर मी थेंब काचपट्टीवर घेतला. जिवाणू इतके, की एकमेकांना खेटून बसलेले. गुबगुबीत. मी टाकीशी गेले. नाना स्टुलावर होते. टाकीच्या पुढच्या पायाला कुंकवाचं बोट लावलेलं होतं आणि खाली झेंडूची दोन फुलं होती.

"नाना, काल टाकीत काय घातलंत?"

ते उठून उभे राहिले. लपवालपवी त्यांना जमतच नसे.

"गूळ. दोन ढेपा. आनि शेंगदानानी पेंड, अर्धं पोतं. भिजाडी, फडकाघाई गाळी टाकी." मग घाईने म्हणाले, "वाफना पहिले टाकं, ताई. नियम मोडा नई."

टाकी निर्जंतुक करायला वाफ दिल्यानंतर तिच्यात बाहेरचं काही पडू द्यायचं नाही, हा मीच घालून दिलेला नियम. तो त्यांनी पाळला होता.

"पण का?"

"पोळा व्हता ना." ते टाकीकडे बघून बोलत होते. "मनाकडे बैल नई. दरसाल दुसराना बैलले निवद दाखाडस. औंदा म्हनं, आपलं बी काही शे. काल गावमा बठ्ठा बैलस्नी पुरनपोळी खादी, आनि हायीच उपाशी ऱ्हावाले का?"

मी रागावले नाही. तेवढा वेळच नव्हता. उसाच्या गुळात बायोटिन असतं आणि शेंगदाण्याच्या पेंडीत तर भरपूर. जे मी कुपीने मोजत होते ते नानांनी अर्ध्या पोत्याने घातलं होतं.

"बिघडनं का?"

"आम्ल नाही आलं."

अॅप्रनची वरची गुंडी त्यांनी सोडली, मग पुन्हा लावली. मला समजलं की ते मनाने बागेत जाऊन परत आले.

नऊ वाजता भाऊ आले. त्यांनी नमुन्याची बाटली उचलली. एरवी आमचा द्रव फिकट ताकासारखा असे. हा चहासारखा होता.

"रंग असा कसा?"

नाना एक पाऊल पुढे आले. त्यांनी तोंड उघडलं तोच मी म्हणाले, "मी गूळ आणि पेंड घालायला सांगितलं होतं. पूरक द्रव्याची चाचणी आहे."

"तिसऱ्या बॅचमध्ये? ताई, तुमचं डोकं ठिकाणावर आहे ना?"

"संध्याकाळी ठिपका दाखवते."

"नाही दिसला तर?"

"तर चूक माझी."

भाऊ माझ्याकडे, मग नानांकडे, मग पुन्हा बाटलीकडे बघून ऑफिसात गेले. खोटं बोलायची मला सवय नाही. ते वाक्य मी वहीतल्या नोंदीसारखं बोलले, म्हणून ते खपलं असावं.

संध्याकाळचा वायदा मी नुसता हवेत केला नव्हता, पण फारसा जमिनीवरही नव्हता. दर रविवारी मी कॉलेजच्या ग्रंथालयात जुन्या नियतकालिकांचे बांधीव खंड वाचत बसायचे. एका वहीत टिपणं होती. त्यांत एक होतं: बायोटिन जास्त असलेल्या द्रवात, जिवाणू वाढत असताना, पेनिसिलीन अगदी थोडं दिलं तरी आम्ल पाझरतं. उतरवून घेताना मला त्याची गंमत वाटली होती. जिवाणू पाळायचे आणि त्यांना जिवाणूंचंच औषध पाजायचं! कारण मात्र खरं होतं. पेनिसिलीन जिवाणूचं आवरण नीट बांधू देत नाही. जास्त दिलं तर तो मरतो. बेताने दिलं तर मरत नाही, गळका होतो. मला गळकाच हवा होता.

अडचण एवढीच की औषध वाढीच्या वेळी द्यावं लागतं आणि आमच्या टाकीतली मंडळी जेवून सुस्तावली होती. म्हणून टाकीतला पाव हिस्सा काढून टाकायचा, वाफ दिलेलं ताजं साखरपाणी भरायचं, ते पुन्हा वाढीला लागले की औषध द्यायचं, असं ठरवलं. नानांना ते काम लावून मी रिक्षाने गुरांच्या बाजाराजवळच्या औषधांच्या दुकानात गेले. एवढं पेनिसिलीन माणसांच्या दुकानात विनाचौकशी मिळालं नसतं.

"दहा लाख युनिटच्या दहा बाटल्या द्या," मी म्हणाले.

दुकानदार काकांनी चष्मा वर केला. "किती गुरं आहेत?"

"एकच."

"एकाला दहा बाटल्या? मॅडम, गाय आहे का हत्ती?"

"दोन हजार लिटरची आहे."

काका कपाटाकडे वळले. मग बाटल्या बांधताना म्हणाले, "काल पोळ्याला जास्त खाऊ घातलं असेल. आज सकाळपासून सगळे तेच सांगताहेत."

"आमच्याकडेही तेच झालंय," मी म्हणाले. भाऊंशी खोटं बोलल्यानंतरचं माझं पहिलं सरळ वाक्य.

दुपारी बारा वाजता औषध दिलं. मात्रा टिपणात नीट नव्हती, म्हणून मी हिशोब तीनदा केला. पूड निर्जंतुक पाण्यात विरघळवताना नानांनी बाटल्या धरल्या.

"हाई कसानं औषध शे?"

"त्यांना जरा आजारी पाडायचं."

"आधी उपाशी ठेवत व्हतात. आते आजारी पाडतस," नाना म्हणाले. "तुम्हना घर कोनी पाव्हना येस का, ताई?"

मी हसले. भीतीत हसू आलं, असं तेवढं एकदाच झालं.

साडेपाचला नमुना घेतला. साडेसातला कागद वाळवून उजेडात धरला. ग्लुटामिकच्या जागी फिकट जांभळी सावली होती. ठिपका म्हणण्याइतकी नव्हती, पण सकाळी तिथे काहीच नव्हतं. भाऊंनी कागद हातात घेतला आणि बराच वेळ दिला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच ठिपका जांभळाच्या डागासारखा गडद होता. उतारा आधीच्या दोन बॅचपेक्षा थोडा कमी पडला. खरेदीदाराने तेवढ्यावर भागवलं.

पण खरी गोष्ट पुढेच होती, आणि ती भाऊंच्या लक्षात माझ्याआधी आली.

"ताई, म्हणजे बायोटिन कितीही असलं तरी चालेल?"

"हो."

"मग साखरपाणी कशाला? मळी घेऊ की!"

साखर कारखान्याची मळी आपल्या भागात मिळायला सोपी आणि स्टार्चपेक्षा कितीतरी स्वस्त. तिच्यात बायोटिन ठासून भरलेलं, म्हणूनच आम्ही तिला हात लावत नव्हतो. पुढच्या महिन्यापासून टँकर यायला लागले. कारखाना त्यावर काही वर्षं उत्तम चालला. टाक्या विकायची भाषा थांबली. नाना टाकीवर राहिले. पेनिसिलीन मोजायचं काम मी त्यांच्याकडे दिलं आणि त्यांच्या हातून एकही बॅच बिघडली नाही. टाकीत मळी ओतताना ते दर वेळी म्हणायचे, "आते रोज पोळा शे." त्या वर्षांइतकी निवांत वर्षं माझ्या नोकरीत दुसरी नाहीत. सकाळी जाताना रस्त्यात मळीचा वास यायचा आणि मला बरं वाटायचं.

आता जे लिहायला इतके दिवस लागले ते लिहिते.

त्या कामावर मी एक निबंध लिहिला आणि पुण्याच्या परिषदेत वाचला. मळी, बायोटिन, पेनिसिलीन, मात्रा, वेळ, सगळं त्यात होतं. पूरक द्रव्याची चाचणी ठरवून घेतली, असं मी लिहिलं. दुसरं लिहिणं शक्य नव्हतं. गूळ आणि पेंड कुणी टाकली हे सांगितलं असतं तर नानांची नोकरी गेली असती. त्यांना वाचवायचं तर त्यांचं नाव कुठेच येता कामा नये, चुकीतही नाही आणि फळातही नाही. त्या वेळी हे मला अगदी सरळ वाटलं.

भाऊंनी निबंधाचं पहिलं पान चौकट करून ऑफिसात लावलं. नाना एकदा त्याच्यासमोर उभे होते. इंग्रजी त्यांना येत नव्हतं.

"आठे काय लिखेल शे, ताई?"

मी बोट ठेवून दाखवलं. "हे माझं नाव. हे कारखान्याचं. हे पेनिसिलीन."

"आनि पेंड?"

"पेंड नाही, नाना."

"पोळा?"

"तोही नाही."

ते हसले. "बरं शे. बैलस्नं नाव कोठे ऱ्हास?" आणि तापमापी बघायला गेले.

तेव्हाही मी स्वतःला सांगितलं की हे त्यांच्याचसाठी आहे. पण नव्वदच्या दशकाच्या मधल्या वर्षांत बाहेरून स्वस्त पूड यायला लागली आणि कारखाना बंद झाला. नानांची नोकरी जाणारच होती, सगळ्यांची गेली. त्या दिवसानंतर लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. भाऊंना एक वाक्य सांगायचं होतं. ते हसले असते आणि त्यांनी नानांच्या पाठीवर थाप मारली असती. मी सांगितलं नाही. मला कॉलेजात नोकरी मिळाली ती त्या निबंधावर. विद्यार्थ्यांना मी ही पद्धत शिकवायचे तेव्हा 'आमच्याकडे एका चाचणीत' असंच म्हणायचे. खोटं पुष्कळ वर्षं वापरलं की ते अंगावरच्या कपड्यासारखं होतं. ते घातलं आहे याची आठवण राहत नाही.

नाना गेल्याचं कळल्यावर मी नशिराबादला गेले. त्यांच्या पत्नीला घरातले सगळे अक्का म्हणतात. त्यांनी मला जवळ बसवलं.

"ते नेहमी सांगेत," अक्का म्हणाल्या, "मी गुन्हा करा, आनि ताईनी तो सोतावर लिधा."

"तो गुन्हा नव्हता, अक्का."

"मंग काय व्हतं?"

मी सांगितलं. सावकाश, सगळं. त्यांनी पेंड टाकली नसती तर मी वही उघडली नसती, मळी आली नसती, आणि कारखाना त्याच वर्षी बंद झाला असता. जी काही वर्षं आम्ही सगळे जेवलो ती त्या अर्ध्या पोत्यावर.

अक्कांनी पदर सारखा केला. आवाज चढवला नाही.

"मंग हाई त्यास्ले सांगानं व्हतं ना, ताई."

मी नानांना कधी सांगितलं नव्हतं. मी समजून चालले होते की त्यांना माहीत आहे. इतकी वर्षं रोज त्यांच्या शेजारी उभी राहून, तुमच्यामुळे हे झालं, हे तीन शब्द मी बोलले नव्हते. ते आपली चूक झाली असंच समजून काम करत राहिले, आणि बहुधा म्हणूनच एकही बॅच बिघडू दिली नाही.

कारखान्याच्या जागी आता गोदाम आहे. भाऊ मुलाकडे परदेशी असतात. त्या निबंधाची एक प्रत माझ्या कपाटात आहे. तिच्यावर एकच नाव आहे, माझं.